दुसऱ्याच्या श्वासावर

माझी भाची ख्याल शिकते. तिच्या बाईंचं घर आमच्या मागच्याच गल्लीत असल्यामुळे क्लास सुटला की ती आमच्याकडे डोकावते. परवा आली तेव्हा मी ओट्याशी मेथी निवडत होते आणि छोट्या स्पीकरवर लॅम्बर्ट, हेंड्रिक्स अँड रॉस हे जॅझ गाणारं अमेरिकन त्रिकूट लावलेलं होतं. ‘क्लाउडबर्स्ट’ चालू होतं. त्या गाण्यात जॉन हेंड्रिक्स एकदा सुटला की शब्दांवर शब्द कोसळत राहतात, माणूस दम कुठे घेतो तेच समजत नाही. पोरगी पाण्याचा ग्लास हातात घेऊन तशीच उभी राहिली. पायानं ठेका धरला, मान डोलायला लागली. गाणं संपल्यावर तिनं विचारलं, “मावशी, हे पाठ आहे की सुचतंय?” मी म्हणाले, “पाठ. अक्षर न् अक्षर पाठ.” “अच्छा,” ती म्हणाली, ग्लास विसळून पालथा घातला आणि गेली.

तो ‘अच्छा’ पहिल्या अक्षरावर चढा होता आणि दुसऱ्यावर उतरला होता. ती उतरण काही डोक्यातून जाईना.

तिचं चुकलं असं मला वाटत नाही. ज्या गाण्यात ती वाढते आहे तिथे ‘घोकलेलं गातो’ याहून वाईट शेरा नसतो. शनिवारी रात्री आकाशवाणीचा राष्ट्रीय कार्यक्रम लागला की माझे वडील डोळे मिटून बसायचे आणि एखादी तान फार गुळगुळीत आली की डोळे न उघडता म्हणायचे, “ही घरून आणलेली.” तालमीत पाठांतर हवंच, पण बैठकीत बसल्यावर त्या क्षणी काय सुचतंय याची वाट बघायची, असं आमच्या घरात न शिकवता शिकवलं गेलं. जॅझवाल्यांचंही याहून वेगळं नाही. तिथेही चाल एकदा वाजवून झाली की सगळे एकाकडे बघतात आणि तो उभा राहून, आधी न ठरवलेलं काहीतरी वाजवतो. त्यासाठीच तर लोक येतात. अशा दोन परंपरांच्या मधे उभं राहून मला वर्षानुवर्षं सगळ्यात जवळचं वाटत आलेलं गाणं मात्र असं, की ज्यात एकही स्वर त्या क्षणी सुचलेला नाही. व्होकलीज. दुसऱ्यानं एकदाच, सुचेल तसं वाजवलेलं जसंच्या तसं उचलायचं, त्याच्या प्रत्येक स्वरावर शब्दाचं एकेक अक्षर बसवायचं आणि ते गायचं. ‘क्लाउडबर्स्ट’मधला तो धबधबाही मुळात सॅम टेलर नावाच्या माणसाच्या सॅक्सोफोनमधून आलेला आहे.

‘ट्विस्टेड’चंच घ्या. नोव्हेंबर १९४९ मध्ये वॉर्डेल ग्रे या टेनर सॅक्सोफोनवाल्यानं न्यूयॉर्कमध्ये प्रेस्टीज या रेकॉर्ड कंपनीसाठी एक साधा ब्लूज मुद्रित केला. पियानोवर अल हेग, बासवर टॉमी पॉटर, ड्रम्सवर रॉय हेन्स. बारा बारचं, म्हणजे बारा छोट्या विभागांचं आवर्तन, तेच पुन्हा पुन्हा फिरतं आणि ग्रे त्यावर निवांत बोलतो. आवाज मऊ, घाई कुठे नाही, पण वाक्य कधी सुरू होईल आणि कुठे मोडेल याचा अंदाज येऊ देत नाही. १९५२ मध्ये ॲनी रॉसनं, म्हणजे पुढे त्या त्रिकुटात आलेल्या रॉसनंच, त्या वाजवण्यावर शब्द लिहिले. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. शब्द लिहिता येतील का, असं कंपनीच्या मालकानं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी ती लिहूनच घेऊन गेली, असं ती पुढे सांगत असे. ग्रेनं ठेवलेलं ‘ट्विस्टेड’ हे नावच तिनं पकडलं. तुझं डोकं ठिकाणावर नाही, असं मानसोपचारतज्ज्ञानं सांगितलेली एक बाई, आणि खुळा तोच आहे याची तिला पक्की खात्री. दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर बसायला ती लहानपणी तयार नव्हती, कारण वर ड्रायव्हरच नाही! हे सगळं ती ग्रेच्या स्वरांवर, त्याच्याच वळणांनी सांगते. त्याचा सूर चढतो तिथे तिचा हट्ट चढतो, तो खाली उतरून पुटपुटतो तिथे ती आपल्याला विश्वासात घेऊन काहीतरी सांगते.

हे जमवणं किती अवघड आहे ते मला कागद-पेन घेऊन बसल्यावर कळलं. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत मी फोर्टात होते आणि जेवणाच्या सुट्टीत काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात जायचे. तिथे मॅनहॅटन ट्रान्सफर या चौघांच्या अमेरिकन गायक-ग्रुपची ‘व्होकलीज’ नावाची रेकॉर्ड मिळाली. १९८५ ची, सगळे शब्द हेंड्रिक्सचे. मला मिळालेल्या कॅसेटसोबत शब्दांचा कागद नव्हता, त्यामुळे रात्री टेप मागे-पुढे करत मी ते उतरवत बसायचे. उतरवताना हळूहळू कारागिरी दिसायला लागली. सॅक्सोफोनवाला काही स्वर नीट वाजवतो आणि काही नुसते गिळतो, ऐकू येतात न येतात असे. त्या गिळलेल्या स्वरांवर हेंड्रिक्स इंग्रजीतले ते हलके, बिनमहत्त्वाचे शब्द ठेवतो, जे बोलतानाही आपण गिळतोच. जिभेनं स्वर तोडून वाजवलेला असेल तिथे ‘ट’, ‘ड’, ‘ब’ सारखं कडक अक्षर येतं. वर टिपेला ताणून धरलेल्या स्वरावर उघडा ‘आ’ किंवा ‘ओ’ यावा लागतो, नाहीतर गळा आवळला जातो. आणि यमक? तेही जुळवायचं. अर्थ? तोही हवा. पण सगळ्यात आधी श्वास. फुंकून वाजवणाऱ्याला कुठेतरी हवा घ्यावीच लागते, म्हणून त्याच्या वादनात माणसाच्या बोलण्याएवढीच वाक्यं असतात. गाणाऱ्यानं तिथेच श्वास घ्यायचा. पियानोवाल्याला श्वासाचं बंधन नाही, त्याची बोटं चालतच राहतात, म्हणून पियानोच्या तुकड्यांवर शब्द लिहिणं जास्त जिवावर येतं असं मला वाटतं. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट मुळातच बोलतात. त्यांना शब्द द्यायचे तेवढे राहिलेले असतात.

आणि हे रेकॉर्डशिवाय शक्यच नव्हतं.

मैफलीत एखाद्यानं वाजवलेलं हवेत विरून गेलं की संपलं, दुसऱ्या दिवशी त्यालाही ते तसंच वाजवता येणार नाही. ७८ आरपीएमच्या तबकडीनं मात्र ते तीनेक मिनिटं पकडून ठेवलं. लोकांनी त्या तबकड्या घरी नेल्या आणि सुई परत परत मागे ठेवून त्या इतक्या ऐकल्या की जे कुणीही पाठ करण्यासाठी वाजवलेलं नव्हतं ते त्यांना पाठ झालं. एडी जेफरसन हा मुळात टॅप नाचणारा. त्याला असंच रेकॉर्ड ऐकता ऐकता शब्द सुचायला लागले. व्होकलीजचा उगम सांगताना लोक त्याचं नाव घेतात ते बरोबरच आहे. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की सुरुवात ऐकणाऱ्यापासून झाली. वाजवणाऱ्यांच्या मनातही नव्हतं की आपल्या स्वरांना कुणी शब्द द्यावेत.

जेम्स मूडीची हकीकत तर मला कितीही वेळा सांगितली तरी पुरत नाही. तो टेनर सॅक्सोफोन वाजवणारा. १९४९ मध्ये स्टॉकहोमला असताना त्यानं दुसऱ्याचा आल्टो सॅक्सोफोन हातात घेऊन ‘आय ॲम इन द मूड फॉर लव्ह’ वाजवलं. मूळ चाल सगळ्यांना माहीत असलेली, पण त्यानं ती पहिल्या स्वरापासूनच सोडून दिली आणि भलत्याच वाटेनं गेला. एडी जेफरसननं त्या वादनावर शब्द लिहिले. ते शब्द किंग प्लेझर नावाच्या गायकानं उचलले आणि १९५२ मध्ये मुद्रित केले. मधला पियानोचा तुकडाही सोडला नाही, तो ब्लॉसम डिअरीच्या कोवळ्या आवाजात आहे. पियानो बोलतोय तिथे बाई बोलते. ‘मूडीज मूड फॉर लव्ह’ प्रचंड गाजलं, नाव झालं किंग प्लेझरचं, आणि जेफरसनच्या वाट्याला ते फार उशिरा आलं. पुढे जेफरसन मूडीच्याच बँडमध्ये गायला. मे १९७९ मध्ये डेट्रॉइटला एका क्लबातून बाहेर पडताना त्याला गोळ्या घालून मारलं. आणि मूडी? तो म्हाताऱ्या वयापर्यंत मैफलीत सॅक्सोफोन बाजूला ठेवून हे गाणं म्हणायचा. स्वतः स्टॉकहोममध्ये एका दुपारी वा संध्याकाळी सहज वाजवून टाकलेलं, दुसऱ्याच्या शब्दांत, पाठ करून.

आता त्याला विचारावं का, पाठ आहे की सुचतंय?

मूडीचा आवाज काही गायकाचा नव्हता. पण त्याचं ते गाणं ऐकताना मला नेहमी वाटतं की हा माणूस स्वतःच्या तरुणपणाला भेटून आलाय, आणि ओळख करून देणारा जेफरसन आहे. लोकांना आपलं तेच एक वादन पाहिजे असतं याचा कंटाळा त्याला आला असता तरी मी समजू शकले असते. तसं त्याच्या गाण्यात कुठेही ऐकू येत नाही. मजेत गातो, बाईची ओळ आली की आवाज वर नेतो, लोक हसतात.

आपल्याकडे याच्याशी नातं सांगणारी गोष्ट आहे ती संगीत नाटकाची. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात ‘चाल’ म्हणून मूळ चिजेचे किंवा पदाचे पहिले शब्द छापलेले असायचे. किर्लोस्करांनी, पुढे खाडिलकरांनी आधीच असलेल्या चालींवर मराठी अक्षरं बसवली. भास्करबुवा बखले चीज सांगत आणि तिच्यावर ‘स्वयंवर’मधल्या रुक्मिणीचं मन उभं राही. फरक इतकाच की तिथे बांधलेली बंदिश असायची आणि इथे कुणीच न बांधलेली, वाजवता वाजवता घडून गेलेली गोष्ट. पण आधी सूर, मग शब्द, आणि शब्दानं सुराच्या पायाखाली यायचं नाही, ही शिस्त तीच. म्हणूनच असेल, मला हे गाणं परकं कधी वाटलं नाही. आणि त्या ‘चाल’ या एका ओळीत जी सभ्यता होती ती मला फार मोलाची वाटते. हे माझ्याआधी कुणाचं होतं, एवढं ती सांगून टाकते.

जॉन हेंड्रिक्स ओहायोमधल्या टोलिडोत वाढला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक, आणि त्याच गावात आर्ट टेटम, तो आंधळा पियानोवादक ज्याच्यासमोर बाकीचे पियानोवाले हात आवरते घेत. पोरवयातच हेंड्रिक्स टेटमच्या संगतीत गायला. महायुद्धातून परतल्यावर कायदा शिकत होता. सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर गावात आला, याला ऐकलं आणि म्हणाला, न्यूयॉर्कला ये. तो गेला. तिथे त्याला डेव्ह लॅम्बर्ट भेटला आणि दोघांच्या डोक्यात आलं की एकट्या वादकाच्या नव्हे, पियानोवादक काउंट बेसीच्या अख्ख्या जॅझ ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डींवर शब्द लिहायचे. ट्रम्पेटांचा ताफा, ट्रॉम्बोनांचा ताफा, सॅक्सोफोनांचा ताफा, सगळ्यांना शब्द. १९५७ मध्ये स्टुडिओत चांगले वाचून गाणारे गायक जमवले. स्वर बिनचूक लागत होते, पण बेसीचं ते झुलणं काही त्यांच्या अंगात शिरेना. स्विंग लिहून देता येत नाही. दोन सारख्या दिसणाऱ्या मात्रांपैकी पहिली जरा रेंगाळते आणि दुसरी ऐनवेळी पुढच्या ठोक्याला जाऊन भिडते, आणि हे किती, ते ज्याचं त्याला कळावं लागतं. त्यांतल्या गायिकांना बेसीचा ढंग शिकवायला ॲनी रॉसला बोलावलं होतं. शेवटी निर्माता क्रीड टेलर आणि या तिघांनी ठरवलं की बाकीचे राहू देत, आपण तिघंच सगळं गाऊ. टेपवर एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. रॉस ट्रम्पेट झाली. खाली ताल धरायला बेसीच्याच बँडमधले फ्रेडी ग्रीन, एडी जोन्स आणि सनी पेन, पियानोवर नॅट पिअर्स. ‘सिंग अ साँग ऑफ बेसी’ ही रेकॉर्ड त्यातून झाली.

ती मी अंधारात, हेडफोन लावून ऐकते. ट्रम्पेटांचा ताफा एकदम उठतो तिथे ॲनी रॉसचे सगळे आवाज एकदम उठतात, थोडे कडेला फाटल्यासारखे, थरांमुळे टेपची खरखर मागे साचलेली. आजच्या कानाला ते कच्चं वाटेल. मला त्या खरखरीसकट ते प्रिय आहे, कारण तीन माणसांना एका ऑर्केस्ट्रावर जीव टाकताना मी त्यात ऐकते. पुढच्याच वर्षी बेसीनं स्वतः बँड घेऊन यांच्याबरोबर रेकॉर्ड केली, म्हणजे ज्यांचं गाणं केलं ते मागे बसून साथ करताहेत. १९६२ मध्ये रॉस बाहेर पडली आणि तिच्या जागी कोलंबोहून आलेली योलांद बवन उभी राहिली. ते मला पहिल्यांदा समजलं तेव्हा उगाच घरातलंच कुणी तिथे पोचल्यासारखं वाटलं होतं. ग्रुप फार टिकला नाही. १९६६ मध्ये रस्त्याकडेला टायर बदलताना ट्रकनं उडवून लॅम्बर्ट गेला.

सगळंच आवडतं असं नाही. काही व्होकलीजमध्ये शब्दांची इतकी दाटी होते की मूळ वादनातली शांतता बुजून जाते. वादक जिथे एक स्वर ठेवून गप्प राहिला होता, तिथेही चार वाक्यं कोंबलेली असतात. मॅनहॅटन ट्रान्सफरच्या १९८५ च्या त्या लाडक्या रेकॉर्डमधला सिंथेसायझर मला आता खटकतो. पण त्यांनी १९७८ मध्ये गायलेलं ‘फोर ब्रदर्स’ कधीही लावा. वुडी हर्मनच्या बँडमधले तीन टेनर आणि एक बॅरिटोन, चौघे एका अंगाचे झाल्यासारखे वाजवत, त्या १९४७ च्या वादनावर चार गळे. आणि त्याच १९८५ च्या रेकॉर्डमध्ये क्लिफर्ड ब्राउनच्या ‘जॉय स्प्रिंग’वरचं गाणं आहे. ब्राउन पंचवीस वर्षांचा असताना मोटार अपघातात गेला. त्याचा ट्रम्पेट इतका स्वच्छ, इतका आनंदी, की त्याच्यावर शब्द लिहायला हेंड्रिक्सचा हात कसा धजला कोण जाणे. पण तो धजला, आणि ते गाणं ऐकून मी ब्राउनची मूळ रेकॉर्ड शोधली. उलट्या वाटेनं गेले.

खरी सल वेगळी आहे. वॉर्डेल ग्रेचं मूळ ‘ट्विस्टेड’ लावलं की मला आता नुसता सॅक्सोफोन ऐकूच येत नाही. पहिल्या वाक्यालाच तो डॉक्टर आणि ती बाई हजर होतात. ग्रेच्या मनात त्या दिवशी काय होतं? कदाचित काहीच नाही, नुसते सूर. मे १९५५ मध्ये लास वेगासबाहेरच्या वाळवंटात त्याचा मृतदेह सापडला, वय चौतीस, आणि ते मरण कसं आलं याचा उलगडा धड कधी झाला नाही. त्याच्या त्या निवांत वाजवण्यात एक दुःखाची किनार आहे असं मला कधी कधी वाटतं, आणि नेमक्या तिथे रॉसची गंमत येऊन बसलेली असते. ती गंमत मला हवीच आहे. पण शब्द एकदा चिकटले की निघत नाहीत, आणि शब्दाआधीचा तो सूर माझ्यापुरता गेला. ज्यांना ग्रेचं नाव माहीत नाही अशा हजारोंना त्याचे सूर गुणगुणता येतात, हे त्या बदल्यात मिळालं. हा सौदा बरा की वाईट, यावर माझं मत दर काही दिवसांनी बदलतं.

भाचीच्या प्रश्नाला ‘पाठ’ हे उत्तर खरं असलं तरी अपुरं होतं, एवढं मात्र आता मला वाटतं. ग्रेला ते सुचलं होतं. तीन वर्षांनी रॉसला ते ऐकताना दुसरंच काही सुचलं, आणि पहिल्यातला एकही स्वर न हलवता तिनं ते त्यात बसवलं. आपल्याकडे मोठ्या गवयाची एखादी जागा ऐकून समोरच्याच्या तोंडून ‘वा’ निघते. रॉसची ‘वा’ दोन-अडीच मिनिटं चालते आणि त्या जागेइतकीच तालात असते. हेंड्रिक्स तर आयुष्यभर हेच करत राहिला. ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस आणि संगीतरचनाकार गिल एव्हान्स यांच्या १९५७ च्या ‘माइल्स अहेड’ या संपूर्ण रेकॉर्डवर त्यानं शब्द लिहिले, आणि लंडनच्या एका गायकवृंदानं ते फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यूयॉर्कला गायले तेव्हा पंच्याण्णव वर्षांचा हेंड्रिक्स समोर बसला होता. त्याच नोव्हेंबरमध्ये तो गेला. ॲनी रॉस २०२० मध्ये. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला मॅनहॅटन ट्रान्सफरचा निरोपाचा कार्यक्रम झाला.

गाणी मात्र चालू आहेत. अमेरिकेतल्या कॉलेजांत आणि शाळांत व्होकल जॅझचे ग्रुप असतात, मुलं छापील स्वरलिपी समोर ठेवून ही गाणी बसवतात. इंटरनेटवर त्यांचे कार्यक्रम मी बघते. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, काळे कपडे, प्रत्येकाच्या हातात माइक, कोपऱ्यात बास आणि ड्रम्स. काही ग्रुप फार चांगले गातात. गाण्याच्या नावाखाली कुणाचं नाव येतं ते मी आवर्जून बघते. बहुतेक वेळा शब्दकाराचं असतं, रचना बसवून देणाऱ्याचं असतं, ज्यानं ते पहिल्यांदा वाजवलं त्याचं कधी असतं, कधी नसतं. ते असायलाच हवं. ‘ट्विस्टेड’च्या खाली वॉर्डेल ग्रे, ‘मूडीज मूड’च्या खाली मूडीबरोबर एडी जेफरसन, ‘क्लाउडबर्स्ट’च्या खाली सॅम टेलर. जुन्या नाटकाच्या पुस्तकात एका बारीक ओळीत मावायचं ते, तेवढीच जागा लागते.